बागेबाहेरचं सोया दूध: घरी पुन्हा उकळलं की चालतं का?

सदाफुली (नागपूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांसाठी विचारतेय. ते ७४ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे. गाईम्हशीचं दूध त्यांना अलीकडे पचत नाही, पोट फुगतं आणि मग दिवसभर अस्वस्थ असतात. डॉक्टरांनी सोया दूध चालेल म्हटलं, तेव्हापासून सकाळचं फिरणं झालं की बागेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीवर एक ग्लास पितात आणि आईसाठी एक बाटली घरी आणतात.

गाडीवर तोटी लावलेली स्टीलची टाकी आहे. शेजारी थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि त्यात २०० मिलीच्या प्लास्टिकच्या बाटल्या. साधं, वेलची आणि चॉकलेट. बाटलीवर नाव, तारीख काहीच नाही. हिरवं झाकण म्हणजे वेलची एवढीच खूण. गाडीवाले दादा आणि वहिनी घरीच बनवतात. माणसं फार चांगली आहेत. बाबांसाठी बिनसाखरेचं न सांगता वेगळं काढून ठेवतात.

मागच्या आठवड्यात एक बाटली ओट्यावरच राहिली. दुपारी झाकण फिरवलं तर फस्स आवाज झाला आणि फेस वर आला. वास म्हणावा तसा आंबट नव्हता. गॅसवर ठेवलं तर फाटलं, ओतून दिलं. त्यानंतर दोन दिवसांनी बाबांना गाडीवरचं दूध पिऊन आल्यावर दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत बरे झाले. आदल्या रात्री आम्ही एका लग्नाला जेवलो होतो, त्यामुळे दोष नक्की कुणाला द्यायचा कळत नाही.

आता घरात दोन पक्ष आहेत. आई म्हणते बंद करा. बाबा म्हणतात घरी आणून उकळून पितो, मग तर झालं? मला विचारायचंय ते हेच, की पुन्हा उकळल्याने भागतं का? आणि चांगलं दूध कोणतं, बिघडलेलं कोणतं, हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? दादांच्या पोटावर पाय यावा अशी अजिबात इच्छा नाही.

रानपाखरू

ताई, एवढा विचार कशाला? घरी आणा, दोन उकळ्या काढा, प्या. खळखळ उकळल्यावर कुठला जंतू जिवंत राहतोय? आमच्याकडे म्हशीचं दूध पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय.

औसेकरीण (जि. लातूर)

रानपाखरू, तुमचं म्हणणं म्हशीच्या ताज्या दुधाला लागू आहे. सोया दुधाचं गणित वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमचा बायकांचा गट आहे. सोया दूध आणि सोया पनीर बरीच वर्षं करतोय, शाळांना आणि आठवडी बाजारात देतोय.

पहिली गोष्ट ही की सोया दूध न उकळता कुणी विकूच शकत नाही. कच्चं असताना ते इतकं हिरवट आणि उग्र लागतं की तोंडात धरवत नाही. म्हणजे सदाफुलीताईंच्या दादांचं दूध उकळलेलंच होतं. तरी बाटली फसफसली. मग जे काही झालं ते उकळल्यानंतर झालं, हे धरून चला. तिथंच शोधायचं.

सोयाबीनची मळणी रानातच होते. दाण्याला माती लागलेली असते, चिरलेल्या दाण्याच्या आतही शिरलेली असते. त्या मातीत असे जंतू असतात की परिस्थिती वाईट झाली की अंगाभोवती टणक कवच करून बसतात. त्यांना बीजाणू म्हणतात. १०० अंशाच्या उकळीत बाकी सगळे मरतात, हे मरत नाहीत. तणाचं बी उन्हाळाभर ढेकळात पडून राहतं आणि पहिल्या ओलीला उगवतं, तसे हे दूध कोमट झालं की उगवतात. उकळीच्या धगीने तर त्यातले कित्येक आणखी लवकर जागे होतात, आणि भांडणारे दुसरे जंतू मेलेले असल्यामुळे सगळं रान त्यांनाच मोकळं.

म्हणून आमच्या गटात नवी बाई आली की तिला आधी उकळायला नाही, गार करायला शिकवतो. २० लिटरचं पातेलं रात्री उकळून झाकून ठेवलं तर बाहेरून हात लावल्यावर गार वाटतं, पण मध्ये पळी घालून हलवा, पहाटेसुद्धा कोमट लागतं. लातूरला एप्रिल-मे मध्ये रात्री बारा वाजताही घरात तीस अंश असतात. दूध त्याच्या खाली जाईल कसं? हॉटेल आणि केटरिंगच्या धंद्यात एक नियम पाळतात तो आम्हीही धरलाय. साठच्या आसपासचं दूध दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आलं पाहिजे. ६० ते ५ हा मधला टप्पा जेवढा भरभर ओलांडाल तेवढं दूध सुरक्षित.

त्यासाठी मोठी मशिनरी लागत नाही. उकळलेलं दूध लगेच पाच-पाच लिटरच्या स्टीलच्या कॅनमध्ये घ्यायचं, कॅन बर्फाच्या पाण्याच्या टाक्यात गळ्यापर्यंत उभे करायचे आणि लांब दांड्याच्या पळीने हलवत राहायचं. पळीही त्याच उकळीतून काढलेली हवी. आम्ही काट्याचा थर्मामीटर वापरतो, तो दर वेळी उकळत्या पाण्यात बुडवून मगच दुधात जातो.

आता तोटी. ताई, त्या टाकीची तोटी दादांना एकदा पान्याने सोडवायला सांगा आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा. आतली रबरी रिंग नखाने उचलायची. रोज नुसतं गरम पाणी सोडून धुतलेली तोटी असेल तर रिंगेखाली पिवळट, बुळबुळीत थर निघतो. बोटाला लागला की साबणानेही पटकन सुटत नाही. त्या थरात जंतूंची वस्ती असते आणि टाकीतलं प्रत्येक ग्लासभर दूध तिच्यावरून वाहत येतं. टाकी कितीही घासा, चकचकीत करा. तोटी सोडवल्याशिवाय ते धुणं अर्धवटच. आम्ही रोज संध्याकाळी तोटी, रिंग आणि नळी सुट्या करून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ब्रशने घासतो, मग उकळत्या पाण्यात टाकतो, आणि सकाळपर्यंत सुकत ठेवतो. ओलं जोडायचं नाही.

वेलचीचंही सांगते, कारण हे कुणाच्या लक्षात येत नाही. मसाल्याच्या पदार्थांवर बीजाणू भरपूर असतात. वेलची, मिरी, सुंठ, सगळ्यांवर. उकळून गार झालेल्या दुधात वरून वेलचीपूड टाकली म्हणजे निवळलेल्या दुधात पुन्हा पेरणी केली. सुगंध उडतो म्हणून लोक शेवटी टाकतात. आमच्याकडे वेलची, साखर, कोको, जे काय असेल ते उकळीच्या आधी पडतं. सुगंध कमी वाटला तर वेलची थोडी जास्त घ्यायची, पण उकळीनंतर भांड्यात काही पडू द्यायचं नाही.

दाणे भिजवण्याचंही तसंच. हिवाळ्यात आठ-दहा तास चालतात, उन्हाळ्यात पाच-सहा तासांतच पाण्यावर फेस येतो आणि वास मारतो. मध्ये एकदा पाणी बदलायचं, आणि ते पाणी दळायला कधीही वापरायचं नाही.

आणखी एक, जंतूंशी संबंध नसलेलं पण फार महत्त्वाचं. पेरणी संपल्यावर उरलेलं गुलाबी औषध चोळलेलं बियाणं कुणीतरी स्वस्तात देतं. धुतलं तरी ते खाण्याचं नाही. दादांना दाणे कुठून घेता हे जरूर विचारा. आडतीवरचा साधा माल असेल तर काळजी नाही.

पेट्रीडिश (पुणे)

औसेकरीण ताई, तुमचा गट ज्या शाळांना दूध देतो त्या शाळा नशीबवान आहेत. मी परभणीला अन्नतंत्र शिकलो, सध्या खासगी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासतो. ताईंच्या मुद्द्याला प्रयोगशाळेच्या बाजूने जोड देतो, कारण "पुन्हा उकळलं की झालं" ही समजूत खरोखर त्रास देणारी आहे.

ताई ज्याला मातीतला जंतू म्हणतात त्यातला सगळ्यात परिचित म्हणजे बॅसिलस सेरियस. उरलेल्या भातातून होणाऱ्या विषबाधेत हाच असतो. त्याचे दोन प्रकारचे त्रास आहेत. एकात जंतू पोटात जाऊन आतड्यात विष तयार करतो. ८ ते १६ तासांनी पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. दुसऱ्यात जंतू दुधातच वाढताना विष सोडतो आणि ते पिणाऱ्याच्या पोटात तयार विष म्हणूनच जातं. अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात. हे दुसरं विष, सेरुलाइड, उष्णतेला दाद देत नाही. कुकरच्या १२१ अंशांतही ते टिकतं. घरच्या गॅसवरची उकळी त्याचं काहीच बिघडवू शकत नाही. जंतू मरतील, विष तसंच राहील. हाताच्या जखमेतून, नाकातून येणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूचं विषही असंच उकळीला पुरून उरतं, आणि त्याच्याही उलट्या १ ते ६ तासांत होतात.

सदाफुलीताई, बाबांना दोन-तीन तासांत उलट्या आणि संध्याकाळपर्यंत आराम, हे चित्र तयार विषाशी जुळतं. लग्नाचं जेवण आदल्या रात्रीचं. तोवर दहा-बारा तास होऊन गेले होते. एवढ्यावरून निदान करता येत नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर आधी दुधाकडे बघितलं असतं.

आता वाढीचा वेग. तीस-पस्तीस अंशांत हा जंतू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो असं धरा. एका जंतूपासून सुरुवात केली तर दहा तासांत वीस वेळा दुप्पट, म्हणजे दहा लाखांच्या वर. विषबाधेच्या प्रकरणांत अन्नात सहसा ग्रॅमला लाखभर किंवा त्याहून जास्त जंतू सापडतात. म्हणजे रात्री उकळून झाकून ठेवलेलं पातेलं सकाळी कुठे पोचलेलं असेल ते बघा. पाच अंशांत मात्र तोच जंतू जवळजवळ थांबतो.

सोया दूध यासाठी इतकं सोयीचं का? आम्लता जवळपास नाही, पीएच साडेसहा-सातच्या दरम्यान. प्रथिनं तीन-साडेतीन टक्के, पाणी भरपूर, आणि वर आपण साखर घालतो. गाईचं कच्चं दूध नासताना आंबट होतं, ती आपल्याला इशारा देणारी घंटा असते. उकळलेल्या सोया दुधात आंबटपणा आणणारे जंतू आधीच मेलेले असू शकतात. बीजाणूंतून उगवलेले जंतू प्रथिनं तोडतात, दूध आंबट न होताच घट्ट होतं, कडवट होतं, किंवा तापवल्यावर फाटतं. तुमच्या बाटलीत वास नव्हता, तरी फाटलं, ते त्यामुळे असू शकतं. गॅस मात्र वेगळी गोष्ट सांगतो. फस्स झालं म्हणजे बहुधा कोलिफॉर्मसारखे जंतू (अस्वच्छतेची खूण मानले जाणारे) किंवा यीस्ट आत होते. हे दोन्ही उकळीत मरतात, म्हणजे ते नंतर आले. बाटलीतून, नरसाळ्यातून, पाण्यातून, हातातून किंवा बर्फातून.

बर्फाचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याचा बर्फ निळसर करायचा नियम आहे. बाटल्या गार करायला कुठलाही बर्फ चालेल असं वाटतं, पण वितळलेलं पाणी झाकणाच्या आट्यांत शिरतं आणि बाटली उघडताना ओठाला लागतं. पांढरा, खाण्याचाच बर्फ घ्यावा, आणि बाटल्या पाण्यात बुडू न देता जाळीवर ठेवाव्यात.

ओळखायचं कसं, याचं सरळ उत्तर म्हणजे जिभेवर आणि नाकावर विसंबू नका. विष असलेलं दूध चवीला अगदी चांगलं लागू शकतं. कधी बनवलं, कसं गार केलं, आत्ता किती गार किंवा गरम आहे, हे प्रश्न विचारणं जास्त कामाचं. काटा असलेला थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. ग्लासात बुडवा. ५ च्या आसपास किंवा ६० च्या वर असेल तर विक्रेता काम जाणतो. २५-३० दाखवत असेल तर बाबांना तिथून चहा घ्यायला सांगा.

पक्कं जाणून घ्यायचं असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकूण जंतू, कोलिफॉर्म, ई. कोलाय, बॅसिलस सेरियस आणि स्टॅफिलोकॉकस एवढ्या तपासण्या मागा. न फोडलेली बाटली बर्फात ठेवून काही तासांत पोचवायची; दुसऱ्या दिवशी नेलेला नमुना विक्रेत्यावर अन्याय करतो, कारण मधल्या वेळात जंतू वाढतात. डेअरीत निळ्या रंगाची चाचणी करतात, ती सोयालाही लावता येते. मिथिलीन ब्लू घालून नळी ३७ अंशांत ठेवायची, रंग जितका लवकर उडेल तितके जंतू जास्त. फक्त गाईच्या दुधाचे ठरलेले तास सोयाला जसेच्या तसे लावू नयेत. त्याच विक्रेत्याचं ताजं आणि चार तासांनंतरचं दूध शेजारी-शेजारी ठेवून बघितलं तर फरक डोळ्यांना दिसतो.

दुकानातले बंद खोके वेगळ्या वर्गातले. ते दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेलं असतं. त्या तापमानाला बीजाणूही मरतात. म्हणून ते महिनोन्‌महिने फ्रीजबाहेर राहतं. पण एकदा कापलं की तेही साधं दूध, फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचं. बाबांसाठी घ्याल तर बिनसाखरेचं बघून घ्या.

आणि पुन्हा असं झालं तर मधुमेह असलेल्या ७४ वर्षांच्या माणसाला संध्याकाळपर्यंत बघू असं करू नका. उलट्यांमध्ये पाणी जातं, गोळ्या चालू असतात, साखर खाली जाऊ शकते. लगेच डॉक्टरांना फोन.

पूर्वेचा वारा (शांघाय)

धागा वाचून राहवलं नाही. मी कामानिमित्त चीनमध्ये राहतो. इथे सकाळी प्रत्येक गल्लीत सोया दूध मिळतं, दौज्यांग म्हणतात. योउत्याओबरोबर, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या लांब कांड्यांबरोबर, लोक उभ्या-उभ्या पितात. माझ्या घराखालच्या दुकानात पहाटे चारला दळण सुरू होतं, आणि दूध मोठ्या पातेल्यात मंद आचेवर वाफाळतच असतं. कपात ओतलं की जीभ भाजते. साडेनऊला पातेलं रिकामं, दुकान दुसऱ्या कामाला लागतं. गार करून साठवायचा प्रश्नच येत नाही. औसेकरीण ताईंनी सांगितलेला ६० ते ५ चा टप्पा इथे ते ओलांडतच नाहीत. दूध त्याच्या वरच राहतं आणि वरच संपतं.

एक गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक असते, ती इथे लिहून ठेवतो. सोया दूध ८० अंशांच्या आसपासच फेसाळून पातेल्याच्या काठापर्यंत चढतं. उकळी आली असं वाटतं, पण ती खरी नसते. तिथेच गॅस बंद केला तर दूध कच्चंच राहतं. सोयाबीनमध्ये पचन अडवणारे घटक असतात, ते पुरेशा उष्णतेनेच निकामी होतात. २००३ साली ल्याओनिंग प्रांतातल्या हायचंगमध्ये शाळेत सोया पेय प्यायल्यावर मोठ्या संख्येने मुलं आजारी पडली होती आणि तपासात बोट याच न निकामी झालेल्या घटकांकडे गेलं. अशा वेळी मळमळ, उलट्या अर्ध्या-एक तासात होतात, म्हणजे लक्षणं जंतूंच्या विषासारखीच. दादांना हेही विचारा, की फेस चढल्यानंतर किती वेळ उकळतात.

सदाफुली (नागपूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी छापून घेतले आणि काल संध्याकाळी बाबांना घेऊन दादांच्या घरीच गेले. भीती होती की राग येईल. उलट वहिनींनी कागद हातातून घेतला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचली.

त्यांची पद्धत अशी. दाणे आडतीवरचे, दोन किलो, त्यातून साधारण पंधरा लिटर दूध. सकाळी भिजवतात, संध्याकाळी सहाला दळतात, आठपर्यंत उकळतं. फेस आल्यावर गॅस बारीक करून "अजून थोडा वेळ", घड्याळ लावून नाही. मग पातेलं अंगणात पंख्यासमोर रात्रभर झाकून. पहाटे साडेचारला वेलची-साखर मिसळून नरसाळ्याने बाटल्या भरतात. बाटल्या गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या, भांड्याच्या पावडरीने धुतलेल्या. बर्फ लस्सीवाल्याकडचा, पांढरा. तोटी सोडवली. औसेकरीण ताई, तुम्ही लिहिलं होतं तसाच थर निघाला. वहिनींनी तो बघितला आणि दादांना त्याच क्षणी टाकी आत नेऊन ठेवायला सांगितली. आज गाडी लागली नाही.

अडचण पैशांची आहे. पंधरा लिटर गार करायला रोज बर्फाची अख्खी लादी लागेल, चिलर घेणं शक्य नाही, आणि एका ग्लासामागे सुटतं किती? वहिनी विचारतात, सगळं असंच ठेवून पहाटे विकायच्या आधी पातेलं पुन्हा एकदा चांगलं उकळलं तर? पेट्रीडिश यांनी लिहिलेलं वाचून मी नाही म्हटलं, पण दुसरा मार्ग मला सांगता आला नाही.

औसेकरीण (जि. लातूर)

ताई, वहिनींना माझा नमस्कार सांगा. तोटीतला थर बघून ज्या बाईने एक दिवसाचा धंदा सोडला तिच्या हातचं दूध चांगलंच होणार.

पहाटे पुन्हा उकळायचं नाही, हे तुम्ही बरोबर सांगितलंत. रात्रभरात विष तयार झालं असेल तर ते उकळून जाणार नाही. त्यांना मशीन नको, चिलर नको, फक्त घड्याळ बदलायला हवं. शांघायच्या दादांनी वाट दाखवलीच आहे. दाणे सकाळऐवजी रात्री नऊला भिजत घालायचे. पहाटे साडेतीनला ते पाणी ओतून द्यायचं, दोन-तीन पाण्यांनी दाणे चोळून धुवायचे, जेवढी सालं निघतील तेवढी काढायची आणि गरम पाण्यात दळायचं. गरम पाण्यात दळलं की हिरवट वासही कमी येतो, गिऱ्हाईक खूश. गाळून पातेलं चुलीवर. फेस चढला की आच कमी करून तो बसू द्यायचा, फेस पूर्ण मोडून खरी खळखळ सुरू झाली की तिथून घड्याळ लावून पंधरा मिनिटं. तळाला लागतं, म्हणून एकीने हलवत राहायचं. साखर आणि वेलची त्या पंधरा मिनिटांच्या आत. बाबांचं बिनसाखरेचं त्याआधी वेगळ्या पातेल्यात काढून तेवढंच उकळायचं.

मग ते उकळतं दूध सरळ चहावाले वापरतात तसल्या गरम राहणाऱ्या स्टीलच्या कॅनमध्ये. कॅन आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटं ठेवायचा, ते पाणी ओतून लगेच दूध भरायचं. नाहीतर थंड कॅन दुधाची धग खाऊन टाकतो. साडेपाचला गाडी लागली तर नऊपर्यंत दूध साठच्या वर राहायला हवं. तरी दर तासाला एक ग्लास काढून काटा बुडवून बघायचा. साठच्या खाली गेलं की विक्री बंद. उरलेल्याचं तिथल्या तिथे पनीर करता येतं, लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर घालून, आणि ते त्याच दिवशी खायचं. पंधरा लिटर संपत नसेल तर दीड किलोच दाणे भिजवा. उरवण्यापेक्षा कमी पडलेलं बरं.

बाटल्यांचं मी स्पष्टच सांगते, उन्हाळाभर बंद ठेवा. गिऱ्हाइकाकडून परत आलेली प्लास्टिकची बाटली आतून खरवडलेली असते, त्या ओरखड्यांत ब्रश पोचत नाही, आणि ती उकळताही येत नाही. गार दूध मागणारे असतील तर दोन लिटरच करा, छोट्या स्टीलच्या कॅनमध्ये बर्फाच्या पाण्यात हलवून अर्ध्या-पाऊण तासात गार होतं, आणि ते ग्लासातच द्या. तेवढ्याला अख्खी लादी लागत नाही. घरी नेणाऱ्यांना सांगा, स्वतःचा स्टीलचा डबा आणा, कोरडा आणा, आणि घरी गेल्यावर डबा तासाभरात रिकामा करा.

चोथ्याकडेही लक्ष द्यायला सांगा. ओला चोथा उन्हाळ्यात दोन-तीन तासांत माशा गोळा करतो, आणि त्याच माशा गाळण्याच्या फडक्यावर बसतात. दळून झालं की चोथा घराबाहेर, ज्याची गाय असेल त्याला द्या. फडकं रोज उकळायचं आणि उन्हात वाळवायचं.

अन्नसुरक्षेची नोंदणी नसेल तर करून घ्या. लहान धंद्याला फार खर्च नाही, आणि १४ आकडी नंबर गाडीवर लावला की बागेत येणाऱ्या शिकल्या-सवरल्या गिऱ्हाइकांचा भरवसा वाढतो. पूर्ण प्रशिक्षण हवं असेल तर भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था सोयाबीन प्रक्रियेचं शिकवते, नागपूरहून एका रात्रीच्या गाडीचा प्रवास आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा.

टाकी ठेवणारच असतील तर तोटीची रिंग नवी घाला. हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुनी रिंग सोबत न्या, माप चुकलं की गळते. काळी रबरी घेऊ नका, खाण्याच्या वस्तूंसाठीची पांढरी सिलिकॉनची मागा, आणि एकदम चार-पाच घ्या.